नव्या गाडीमागचं कुत्रं

कुत्र्याचा फोटो काढायला कुणी येतं का? आता येत असतील. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट, आणि तेव्हा सोलापुरात तरी कुणी येत नव्हतं. माझा स्टुडिओ नवी पेठेतून आत शिरणाऱ्या एका बोळाच्या तोंडाशी होता. माझी गिऱ्हाइकं ठरलेली. लग्न जमवायची मुलगी, बारशाचं बाळ, नोकरीचा अर्ज करणारा पोरगा आणि मेलेला माणूस. मेलेला माणूस स्वतः येत नसे, त्याच्याकडे मला जावं लागे, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक म्हणून तोच मला बरा वाटे. तो हलत नसे आणि फोटो पसंत नाही म्हणून परतही येत नसे.

मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं काढून स्वतःचं दुकान टाकलेलं, दाराशी काचेची शोकेस, आत पडद्यावर रंगवलेला महाल आणि कारंजं. माझ्याइतका शहाणा माणूस शहरात नाही, अशी माझी खात्री होती. लोकांची टिंगल करणं हा मी धंद्याचाच भाग समजत असे. अजूनही माझी जीभ सरळ नाही, पण आता दात गेल्यामुळे ती तेवढी लागत नाही.

अशात एका दुपारी एक म्हातारा विणकर दारात येऊन उभा राहिला. तेलुगू माणूस, शहराच्या पूर्व भागातला. उभं आयुष्य मागावर चादरी विणण्यात गेलेलं, त्यामुळे उभा राहिला तरी कमरेत वाकलेलाच. चपला बाहेर काढून आत आला. माझ्या दुकानात चपला काढायची पद्धत नव्हती, पण मी त्याला अडवलं नाही. लोक आपण होऊन लहान होत असतील तर आपण कशाला मोडता घाला, असं माझं तेव्हा मत होतं.

त्यानं सांगितलं ते असं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात एक कुत्रं आहे, चौदा वर्षांचं. डोळे गेलेत. मागच्या पायावर फोड होऊन चिघळलाय, तो भरत नाही. कण्हत असतं. गल्लीतली माणसं वैतागली आहेत, भाकरीत काहीतरी कालवून घाल म्हणून दोघांनी तोंडावर सांगितलंय, आणि आपण घातलं नाही तर कुणीतरी घालेल ही त्याला भीती आहे. जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरशी बोलून ठेवलंय, तो सुई द्यायला तयार आहे. एवढं सगळं सांगून झाल्यावर म्हातारा म्हणाला, “फोटो झाला की सोडतो त्याला, मालक. फोटो होईस्तवर धरून ठिवलंय.”

फोटो त्याला दुकानात नको होता. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावावर हवा होता, मागं पाणी आणि कमळं येतील असा. कुत्रं लहान असताना रोज संध्याकाळी तो त्याला तिथं घेऊन जायचा आणि कुत्रं पाण्यात उड्या मारायचं. आता दिसत नाही, पण वासानं त्याला जागा कळेल, असं त्याचं म्हणणं.

मी हसलो. कुत्र्याला फेटा बांधणार की टोपी, विचारलं. खुर्ची आणू का म्हणालो, साहेब उभे राहणार की बसणार? म्हाताराही हसला. त्याला वाटलं मला आनंद झालाय. मग त्यानं पिशवीतून एक नवी चादर काढून टेबलावर ठेवली, मोरांची, स्वतःच्या हातानं विणलेली. ही तुमाला, म्हणाला. मी ती घेतली.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. फिल्मचा रोल तेव्हा सहज मिळत नसे. मुंबईहून कुणाच्या तरी हातून यायचा, आणि माझ्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघायचे. लग्नात मात्र नवऱ्या मुलाच्या आत्यापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांना आपला फोटो हवा असतो. नाही म्हटलं की माणसं रुसतात. म्हणून उस्तादानं शिकवलं होतं, नाही म्हणायचंच नाही. समोर उभं करायचं, हनुवटी वर घ्या, जरा हसा, असं म्हणायचं आणि रिकामा कॅमेरा दाबायचा. खट् असा आवाज झाला की माणूस खूश. पुढं विचारायला आलाच तर ‘रोलला उजेड लागला’ म्हणून सांगायचं. उजेड कुणाच्या बापाचा नाही, त्याच्यावर कसलाही आळ घालता येतो. मी पाहिलेले सगळे फोटोग्राफर हे करत. आत्याबाईंचा एक फोटो कमी झाला म्हणून जगाचं काही अडत नाही, असं आम्ही म्हणायचो, आणि खरंच अडत नसे.

त्या रविवारी माझ्याजवळ एकच रोल होता. तो नवी पेठेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं आधीच बोलून ठेवलेला. त्यानं नवी मोटार घेतली होती, पांढरी, आणि तळ्याच्या काठावर मोटारीचे आणि घरच्यांचे फोटो हवे होते. बाराच्या बारा माझे, म्हणाला. म्हाताऱ्याला मी पुढच्या रविवारी बोलावू शकलो असतो. रोल नाही, आठ दिवस थांबा, एवढंच सांगायचं होतं. पण मग एका कुत्र्यासाठी विजापूर रस्त्यावर परत सायकल मारत जायला लागलं असतं. मी कंटाळा केला. दोघांनाही त्याच सकाळी बोलावलं, म्हाताऱ्याला अर्धा तास आधी. रिकामा दाबायचा आणि उजेडावर ढकलून द्यायचं, एवढं घरून निघतानाच ठरलेलं होतं.

फोटो झाला असं वाटल्याशिवाय तो कुत्र्याला दवाखान्यात नेणार नाही, आणि वाटलं की नेणारच, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहायचा मोह होतोय, म्हणून पुन्हा लिहितो, मला माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा तो येऊन बसलेला होता. पूर्व भागातून तिथपर्यंत चालत आला होता, कुत्रं जुन्या चादरीत घालून पाठीला बांधून. वाटेत पोरांनी दगड मारले म्हणाला, पण ते त्याला लागले, कुत्र्याला एकही लागला नाही. हे त्यानं आनंदानं सांगितलं आणि कोपर दाखवलं. कोपर सोललं होतं.

कुत्रं एकेकाळी तांबूस असावं, आता पांढुरकं झालं होतं. डोळ्यांवर साय आलेली. म्हाताऱ्यानं त्याला साबणानं आंघोळ घातली होती, मागावरच्या ब्रशनं केस विंचरले होते आणि फोडावर हळद भरली होती. स्वतः धुतलेला सदरा घातला होता, त्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. पाण्याच्या काठाशी एक उंचवटा होता, तिथं त्यानं कुत्र्याला बसवलं. ते कलंडलं. परत बसवलं, परत कलंडलं. शेवटी स्वतः शेजारी मांडी घालून बसला, त्याला अंगाशी टेकवून घेतलं आणि हात त्याच्या मानेवर ठेवला. तेवढ्यात वारा फिरला. पाण्याचा वास आला असावा, कारण त्या मढ्यासारख्या पडलेल्या कुत्र्यानं मान वर केली, कान उभे केले आणि शेपूट एकदा मातीवर आपटली. म्हातारा त्याला ‘रा, रा’ म्हणाला. रा म्हणजे ये. तेवढंच तेलुगू त्या कुत्र्याला येत होतं, आणि मलाही.

माझा कॅमेरा वरून खाली बघायचा होता. छातीशी धरायचा आणि मान घालून आतल्या काचेत बघायचं. समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघावंच लागत नाही. त्या काचेत मला म्हातारा, कुत्रं, मागची कमळं असं सगळं नीट बसलेलं दिसत होतं. उजेडही चांगला होता, सकाळचा, तिरका. इतकं चांगलं चित्र मला त्या वर्षात दुसरं मिळालं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी हनुवटी वर घ्या म्हणालो आणि रिकामा कॅमेरा दाबला.

त्याचं तोंड आलं का, त्यानं विचारलं. झकास आलं, म्हणालो. मग त्यानं एक अजून मागितला, कुत्रं पाण्याकडं बघताना. दाबला. मग कुत्र्याला मांडीवर घेऊन एक. दाबला. मग एकट्या कुत्र्याचा एक. त्यासाठी तो बाजूला सरकला, पण कुत्रं त्याच्या मागं मागं कलंडायला लागलं, म्हणून त्यानं मागून एका बोटानं त्याला धरून ठेवलं आणि ते बोट दिसणार नाही ना म्हणून मला तीनदा विचारलं. दाबला. रिकाम्याला काय कमी? मी त्या दिवशी जितका उदार झालो तितका पुढं कधी झालो नाही.

सगळं झाल्यावर तो कुत्र्याच्या कानाशी वाकून त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “झालं न्हवं, मालक? उद्या न्हेऊ न्हवं त्याला?”

मी कॅमेऱ्याचं कातडी पाकीट बंद करत होतो. म्हणालो, “झालं. न्या.”

एवढ्यात व्यापाऱ्याची मोटार आली. बॉनेटवर हार, काचेवर गंधाचं स्वस्तिक. व्यापारी, त्याची बायको, दोन मुलगे आणि गाडी पुसायला एक माणूस. मी झाडाच्या सावलीत जाऊन कॅमेऱ्यात रोल भरला. म्हातारा तिथंच काठावर बसून होता. पाठीला बांधून न्यायच्या आधी कुत्र्याला थोडा वेळ पाण्याशी बसू द्यावं, असा त्याचा विचार असावा. व्यापारी म्हणाला, ते म्हातारं तिथनं हटवा. मी ओरडून सांगितलं. म्हातारा उठला, कुत्र्याला उठवायला लागला, पण त्याचे मागचे पाय उचलत नव्हते. ओढून ओढून चार हात लांब नेलं आणि परत खाली बसला. व्यापाऱ्याचे मुलगे हसत होते. मीही हसलो, गिऱ्हाईक हसतं तेव्हा आपणही हसायचं असतं. म्हातारा आता मोटारीच्या आड गेला असेल असं धरून मी कामाला लागलो, आणि बाराही फोटो तासाभरात संपवले.

मंगळवारी रोल धुतला, कच्चे फोटो काढले. बारापैकी अकरा ठीक होते. एकात मोटार पूर्ण आडवी आली होती, दिव्यापासून दिव्यापर्यंत, मागं कमळं, आणि कमळांच्या अलीकडे, मोटारीच्या शेपटीच्या मागं, म्हातारा बसलेला. कुत्र्याच्या मानेवर हात. कुत्र्याचं तोंड पाण्याकडं. लहान होते दोघं, माझ्या नखाएवढे, पण स्पष्ट होते. मी तो फोटो बराच वेळ बघितला. कुत्र्याचे उभे कानसुद्धा दिसत होते. म्हाताऱ्याला हाच मोठा करून द्यावा, रिकामं दाबलेलं झाकलं जाईल, असं मनात आलं. यात माझा चांगुलपणा काही नव्हता, फुकटात सुटत होतो म्हणून बरं वाटलं.

बुधवारी दुपारी व्यापारी आला. मोटार आडवी आलेला फोटोच त्याला सगळ्यात पसंत पडला. हाच मोठा करा म्हणाला, हातभर. मग त्यानं कोपऱ्यात बोट ठेवलं. “हे काय?” नव्या गाडीच्या पहिल्याच फोटोत मरायला टेकलेलं कुत्रं, हे काही बरं नव्हे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोनं पाहिलं तर गाडी विकायला लावेल. म्हातारा राहू दे, तळ्याकाठचा माणूस म्हणून खपेल, कुत्रं तेवढं घालवा. आणि तो कच्चा फोटो त्यानं तिथंच फाडून माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकला.

निगेटिव्हवरून वस्तू घालवणं अवघड नसतं. चेहऱ्यावरच्या देवीच्या खुणा, अंगावरचे डाग, कडेला उभा राहिलेला नको तो जावई, असं सगळं मी घालवत असे. पांढरं कुत्रं निगेटिव्हवर काळं दिसतं. ब्लेडच्या टोकानं तो काळा थर हलक्या हातानं खरवडला की फोटोत ती जागा काळसर येते, काठावरच्या मातीत मिसळून जाते. मी खिडकीशी बसलो, डोळ्याला भिंग लावलं आणि खरवडायला लागलो. आधी शेपटी, मग पाठ, मग मान. कान सगळ्यात शेवटी. म्हाताऱ्याच्या बोटांना धक्का लागू नये म्हणून श्वास धरून काम केलं. हात माझा चांगला होता. आधी एक प्रत काढून ठेवावी, म्हाताऱ्याला उद्या बोलावलंय, हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण कागद भिजवा, अंधारात जा, परत हात ओले करा, कोण करणार? व्यापारी पाच वाजता परत येणार होता.

काम संपल्यावर मी ब्लेडवर फुंकर मारली आणि चहा मागवला.

गुरुवारी म्हातारा आला. गुळगुळीत दाढी केलेली, काखेत कागदात गुंडाळलेली नवी फ्रेम. चपला बाहेर. सोमवारी काम झालं म्हणाला, त्रास झाला नाही, सुई टोचली तेव्हा कुत्र्यानं म्हाताऱ्याचा हात चाटला. दवाखान्यातून परत चादरीत बांधून नेऊन तळ्याच्या पलीकडच्या अंगाला पुरलं. हे सगळं सांगताना तो फ्रेमवरचा कागद सोडत होता, नीट, न फाडता. फ्रेम टेबलावर ठेवली आणि बाकावर बसला. बाकावर त्याचीच मोरांची चादर अंथरलेली होती, ती त्यानं हातानं सारखी केली.

मी म्हणालो, “रोलला उजेड लागला. एकही आला नाही.”

हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन. त्यावर माणसं चिडतात, हळहळतात, एक-दोघांनी शिव्याही दिल्या होत्या. म्हातारा त्यातलं काही करेना. उभ्या आयुष्यात हजारदा सूत तुटलेलं त्यानं पाहिलं होतं. तुटलं की गाठ मारायची आणि पुढं विणायचं, त्याला तेवढंच ठाऊक. तो माझीच समजूत काढायला लागला. “हुतंय कधी कधी,” म्हणाला. “मग परत काढू की.”

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. मला दिसलं त्याला कळलेलं. तोंड तसंच उघडं राहिलं आणि बाकावरच्या चादरीवर फिरणारा हात थांबला. मी खणातले कागद सारखे करत राहिलो. मग तो उठला, फ्रेम परत कागदात गुंडाळली आणि चपला न घालताच निघून गेला. बोळाच्या टोकापर्यंत जाऊन परत आला, खाली बघत चपला घातल्या आणि गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी मी पिक्चरला गेलो.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती विसरलोही असतो. मी तसल्या पुष्कळ गोष्टी विसरलो आहे.

मोठा केलेला फोटो व्यापाऱ्याला इतका आवडला की त्यानं आणखी एक प्रत माझ्या शोकेसमध्ये लावायला सांगितली. नवी पेठेत येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याची गाडी बघावी, ही हौस. मलाही हवंच होतं. दोन बाळं आणि एक नवरानवरी काढून मधोमध ती मोटार लावली. लोक थांबून बघायचे, मोटारीची किंमत आपापसात बोलायचे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नसे.

पंधरा-वीस दिवसांनी तो त्या बाजूनं चालला होता, डोक्यावर चादरींचं गाठोडं होतं. मी दारातच होतो. तो मोटारीपुढं थांबला, सगळे थांबायचे तसाच. मग गाठोडं खाली ठेवलं आणि काचेला नाक लावलं.

“ह्यो मी,” तो म्हणाला.

असाल, म्हणालो.

“ह्यो माझा हात.” त्यानं काचेवर अंगठा ठेवला. “हात कशावर हाय, मालक?”

फोटोत तो काठावर बसला होता, एका बाजूला झुकून, हात पुढं करून, आणि हाताखाली नुसती काळी माती होती. माती हाताच्या वीतभर खाली होती. इतका हात अधांतरी धरून कुणी बसत नाही. व्यापाऱ्याला ते दिसलं नव्हतं, मलाही दिसलं नव्हतं, म्हाताऱ्याला एका क्षणात दिसलं. मी म्हणालो, दगड असेल एखादा.

तो माझ्याकडं बघत राहिला. तीच सकाळ, तोच कॅमेरा, मोटारीच्या रोलला उजेड लागला नाही आणि आपल्याच रोलला लागला, हे सगळं त्याच्या डोक्यात जुळत गेलेलं मला समोर दिसत होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जन्माचा रोग आहे. दारातून बाजूला व्हा, गिऱ्हाइकं यायची वेळ आहे, असं मी त्याला चांगलं दरडावून सांगितलं.

तो बाजूला झाला, पण गेला नाही. म्हणाला, “एवढा तुकडा कापून द्या मला. कुत्रं नसलं तर नसू दे. हात तरी त्याच्यावर हाय की.”

निगेटिव्ह माझ्या खणात होतं. तेवढा कोपरा मोठा करून द्यायला मला अर्धा तास लागला असता. त्याच्याकडं फ्रेमही होती. पण दिला असता तर मी काय केलं ते कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेही एका विणकरापुढं, दारात, चारचौघांत. मी म्हणालो, “दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो आहे. देता येत नाही.”

म्हाताऱ्यानं मान हलवली, जणू ही अडचण त्यालाही पटली. गाठोडं उचललं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आलो तेव्हा तो शोकेससमोर उभा होता. माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं अंगठा काचेवर ठेवला, फोटोतल्या त्याच्या हाताच्या जरा खाली, कुत्र्याची मान जिथं होती बरोबर त्या जागी. थोडा वेळ ठेवला आणि मग कामाला निघून गेला. काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला होता. मी ओल्या फडक्यानं पुसला. तिसऱ्या दिवशी परत. मग रोजच. मी लवकर यायला लागलो, तर तो त्याहून लवकर यायचा. उशिरा आलो तर तो गेलेला असायचा आणि ठसा तेवढा असायचा. बोलला कधीच नाही. शेजारचा शिंपी मला विचारायचा, ह्या म्हाताऱ्याला गाडी घ्यायचीय का? मी त्याच्याबरोबर हसायचो.

असे तीन आठवडे गेले असतील. मग एका संध्याकाळी मी शोकेस उघडली, मोटारीचा फोटो काढून टाकला आणि त्या जागी एक गुटगुटीत बाळ लावलं. व्यापाऱ्याला सांगितलं, उन्हानं फोटो पिवळा पडत होता. त्याला पटलं, उजेडावर लोकांचा विश्वास बसतो.

सकाळी मी मुद्दाम समोरच्या हॉटेलात बसून बघितलं. तो आला. बाळाकडं बघितलं. मग शोकेसमधले सगळे फोटो एकेक करून बघितले, वरची ओळ, खालची ओळ, परत वरची. अंगठा काचेपर्यंत नेला, पण कुठं ठेवावा ते त्याला कळेना. तसाच हात खाली घेतला आणि गेला. त्यानंतर तो आला नाही. मेला की काय झालं, मी चौकशी केली नाही. पूर्व भागात मला पुष्कळ कामं निघायची, पण त्याच्या गल्लीत मी कधी सायकल घातली नाही.

निगेटिव्ह अजून आहे. खरवडलेली जागा निगेटिव्हमध्ये सगळ्यात लख्ख दिसते, दिव्यासमोर धरलं की तिथूनच पहिला उजेड डोळ्यात येतो. नंतर कितीदा तरी वाटलं की पेन्सिलनं तिथं कुत्रं परत काढावं, मला येतं ते. बसलोही दोनदा भिंग लावून. कान कसे होते ते आठवतं, बाकीचं आठवत नाही.

ती शोकेस पुढं बरीच वर्षं होती. काच पुसायचं काम मी कुणाला दिलं नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की ओलं फडकं घेऊन मी आधी ती मधली जागा पुसायचो. तिथं काहीच नसायचं.